कोरीव चित्रांतले ख्रिस्ती संत : खुणा ओळखायच्या कशा, कोरायच्या कशा

कृष्णाकाठ (सांगली)

सांगलीचा सराफ कट्टा, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबांकडून खोदकामाची कामं येत असतात. चांदीचं पदक, पितळी फलक, कबरीच्या काळ्या ग्रॅनाइटवर संताचं चित्र. नमुना म्हणून मोबाइलवरचं एखादं धूसर चित्र मिळतं आणि कारागीर त्यातलं जे दिसेल ते उतरवतो. मग संत कॅथरिनच्या शेजारी बैलगाडीचं चाक येतं आणि पादुआच्या अंतोनीच्या हातात लिलीऐवजी कमळ. हात कुशल असूनही संत चुकतो, याचं वाईट वाटतं. म्हणून हा धागा. कोणत्या संताला काय, ते कोणत्या हातात, कोणता भाग सुटला तर ओळख बदलते आणि धातूवर-दगडावर कुठे फसतं, हे इथे जमवू या.

पाया असा आहे. बहुतेक संतांचा खरा चेहरा कोणालाच ठाऊक नाही. चेहऱ्यावरून फार तर पेत्र आणि पौल ओळखता येतात. पेत्राची दाढी आखूड आणि कुरळी, पौलाला टक्कल आणि लांब टोकदार दाढी. बाकीची ओळख वस्तूवर चालते. आपल्याकडे विष्णूच्या चार हातांतले शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या जागा बदलल्या की केशवाचा नारायण होतो आणि नारायणाचा माधव. चार वस्तूंचे २४ क्रम, म्हणून २४ मूर्ती. इथेही तितकीच शिस्त आहे.

एक फरक मात्र कारागिराने मनात पक्का धरावा. देवाच्या हातातलं आयुध शत्रूवर चालवायचं असतं. रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या संताच्या हातातलं हत्यार बहुधा त्याच्यावरच चाललेलं असतं. लॉरेन्सची लोखंडी जाळी, बर्थलमयाची सुरी, शिमोनाची करवत, स्तेफनाचे दगड ही त्यांच्या मरणाची साधनं. त्यामुळे ती उगारलेली नसतात, दाखवण्यासाठी धरलेली असतात. पौलाची तलवार टोक खाली करून, तिच्यावर हात टेकून. ती वर उगारली की संताचा शिपाई झाला. उगारलेलं शस्त्र शोभतं ते मिखाएल देवदूताला आणि घोड्यावरच्या जॉर्जला, कारण ते खरोखर लढताहेत.

प्रेषितांचं, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांचं, पटकन सांगतो. पेत्राला किल्ल्या, आंद्रियाला फुलीसारखा तिरपा क्रूस, थोरल्या याकोबाला शिंपला आणि वाटसरूची काठी, योहानाला प्याला आणि त्यातून डोकावणारा साप, फिलिपाला काठीला जडवलेला क्रूस, मत्तयाला पैशांची थैली, थोमाला गुण्या किंवा भाला, मथियाला कुऱ्हाड. धाकटा याकोब आणि यहूदा तदय या दोघांनाही सोटा दाखवतात, म्हणून तदयाच्या छातीवर येशूच्या मुखाचं पदक आणि डोक्यावर ज्योत हवीच. शुभवर्तमानकारांमध्ये, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांमध्ये, मत्तयाला पंख असलेला माणूस, मार्काला पंखांचा सिंह, लूकाला पंखांचा बैल आणि योहानाला गरुड. पंख गाळू नका. बिनपंखांचा सिंह कोरला की तो मार्क राहत नाही, बघणारा त्याला साधा सिंह जवळ असलेला संत जेरोम समजतो.

तांबट

कृष्णाकाठ, उत्तम सुरुवात. मी उजव्या-डाव्याचं लिहितो, कारण खोदकामात सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो.

काम हातात घेताना पहिला प्रश्न हा : वस्तू थेट बघायची आहे, छापायची आहे की ठोकून उमटवायची आहे? पदक किंवा फलक थेट बघायचा असेल तर चित्र सरळ. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापायचं असेल तर पत्र्यावर उलटं. ठसा करून चांदीवर ठोकायचा असेल तर ठशात उलटं आणि खोलगट, म्हणजे पदकावर ते सरळ आणि उठावाचं येतं. हे न विचारता रेषा मारली तर आशीर्वादाचा उजवा हात डावा होतो आणि मग काही करता येत नाही.

हाती आलेला नमुना आधीच उलटलेला आहे का, तेही तपासा. युरोपात जुनी छापील चित्रं बघून दुसरा कारागीर पत्र्यावर सरळच उतरवायचा, त्यामुळे त्याची छाप उलटी यायची. अशा उलट्या नकला भरपूर आहेत. ओळखायच्या जागा सांगतो. आशीर्वाद उजव्या हाताने असतो. ख्रिस्ताच्या कुशीतली भाल्याची जखम परंपरेने त्याच्या उजव्या बाजूला, आणि असिसीच्या फ्रान्सिसच्या पंचक्षतांमध्येही, म्हणजे अंगावर उमटलेल्या ख्रिस्ताच्या पाच जखमांमध्येही, तीच बाजू. क्रूसाखाली मरिया ख्रिस्ताच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, आणि योहान दुसऱ्या बाजूला. कमरेची तलवार डावीकडे लटकते. यातल्या दोन जागा उलट्या दिसल्या की नमुना उलटा आहे असं धरा आणि फिरवून घ्या. आय-एच-एस ही येशूच्या नावाची अक्षरं चित्रात असतील तर प्रश्नच नाही, एस सगळं सांगतो.

छापायच्या कामाची रीत थोडक्यात. तांब्याचा पत्रा दीड मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंनी सपाट. कडा कानशीने ४५ अंशांवर उतरवायच्या, नाहीतर छापताना दाबाखाली कागद आणि वरची लोकर दोन्ही कापली जातात. चित्र ट्रेसिंग कागदावर घेऊन कागद पालथा करायचा आणि मग पत्र्यावर उतरवायचं. बाह्यरेषा हलक्या हाताने आधी. कोरणी तळहातात बसवून पुढे ढकलायची. वळण आलं की हात वळवायचा नाही, चामड्याच्या गादीवर पत्रा फिरवायचा. हात वळवला की रेषेची एक कड उचकटते आणि तेजोवलयाचं वर्तुळ तुटक दिसतं. रेषेच्या कडेला उठलेली कच पातीने काढून टाकायची. ती राहिली तर शाई धरते आणि संताच्या चेहऱ्यावर काळे फटकारे येतात.

कोरणीऐवजी फेरिक क्लोराइडकडून रेष खाऊन घेणार असाल तर पत्रा भांड्यात पालथा ठेवा, खाली कोपऱ्यांना टेकू द्या. उताणा ठेवला तर रेषेत गाळ बसतो आणि रेष अर्धवट खाल्ली जाते. पितळेला हेच चालतं. ॲल्युमिनियमचा पत्रा त्यात कधीही घालू नका, फार जोरात तापतं.

अजिंक्यतारा

दोघांनाही धन्यवाद. दोन शंका आहेत. अंतोनी नावाचे दोन संत आहेत, साताऱ्याकडे "संत अंतोनी कोरून द्या" एवढंच सांगून लोक जातात. त्यांतला कुठला हे कसं ठरवायचं? आणि तेजोवलय प्रत्येकाला सारखंच काढायचं का?

मारिया_सातारा

अजिंक्यतारा दादा, आपल्या भागात नव्व्याण्णव वेळा पादुआचा अंतोनीच हवा असतो, पण विचारून घ्या.

पादुआचा अंतोनी तरुण, दाढी नसलेला, डोक्याचा मधला भाग तासलेला. अंगात फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसच्या संघाचा झगा, कमरेला दोरी. दोरीच्या लोंबणाऱ्या टोकाला तीन गाठी : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. दोन किंवा चार काढू नका. हातात पुस्तक, पुस्तकावर बाळ येशू, दुसऱ्या हातात लिली. लिलीला सहा पाकळ्या, लांब देठ, देठावर अरुंद पानं. कमळ काढलं तर अर्थ जातो, कारण लिली पावित्र्याची खूण आहे आणि योसेफ, मरिया, अंतोनी सगळ्यांकडे ती त्याच अर्थाने येते.

दुसरा इजिप्तच्या वाळवंटातला मठाधिपती अंतोनी. म्हातारा, लांब पांढरी दाढी, हातात इंग्रजी टी-सारखी कुबडी, घंटा, पायाशी डुक्कर आणि कधी कधी ज्वाळा. त्याच्या नावाने ओळखला जाणारा दाहाचा रोग बुरशी लागलेल्या धान्यामुळे व्हायचा, ज्वाळा त्याच्या. मार्टिन शोंगाउअरचं १४७० च्या दशकातलं ताम्रखोदकाम प्रसिद्ध आहे, त्यात राक्षस ज्याला हवेत ओढताहेत तो हाच. ते चित्र पादुआच्या अंतोनीसाठी नमुना म्हणून वापरू नका.

तेजोवलयाचं असं. साध्या संताला साधं वर्तुळ. वर्तुळाच्या आत क्रूस फक्त ख्रिस्ताला. त्यामुळे अंतोनीच्या पुस्तकावरच्या बाळाला क्रूसाचं वलय किंवा तीन झोतांचे किरण आणि अंतोनीला साधी कडी. दोघांना एकसारखी वलयं दिली की ते बाळ येशू न राहता कोणाचंही बाळ होतं. त्रिकोणी वलय देवपित्याचं. चौकोनी वलय जुन्या इटालियन भित्तिचित्रांत हयात माणसाला देत, ते आता वापरायचं नाही.

ज्यांना अजून धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) किंवा संत घोषित केलेलं नाही त्यांना वलय देऊ नये, असा आदेश पोप आठवे उर्बन यांनी १६२५ मध्ये काढला होता. कोणी आपल्या गावातल्या दिवंगत फादरांचं चित्र कोरायला दिलं आणि प्रेमाने वलय मागितलं, तर नम्रपणे नाही म्हणा. धन्यवादित व्यक्तीला पूर्ण कडीऐवजी नुसते किरण द्यायची परंपरा आहे.

तांबट

मारियाताईंचं वाचून वलय कोरायची युक्ती देतो. परकाराने वर्तुळ काढताना त्याचं टोक नेमकं संताच्या कपाळावर किंवा नाकावर येतं आणि तिथे खड्डा पडतो. पॉलिशने तो जात नाही. आधी त्या जागी पातळ पत्र्याचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीने लावा, टोक त्यावर रोवा, वर्तुळ ओढा, मग तुकडा काढा. वलयाची रेष डोक्यातून आरपार जाऊ देऊ नका, केसांपाशी थांबवा. डोकं आधी, वलय नंतर.

आणि पदकाचं प्रमाण. २५ मिलिमीटरच्या पदकात माणूस जेमतेम १८ मिलिमीटर उंच बसतो. उंचीचा सातवा भाग डोकं, म्हणजे अडीच मिलिमीटर. त्यात चेहरा नीट येत नाही, म्हणून सगळा भार वस्तूवर. वस्तू खऱ्या मापाची काढली तर दिसणारच नाही. संत लूसीच्या तबकातले दोन डोळे खऱ्या मापात काढा, ते दोन ठिपके होतील. तबक तिच्या डोक्याएवढं करा आणि डोळ्यांना बाहुली द्या. जुन्या खोदकामांतही वस्तू मोठीच असते. एका पदकात दोनपेक्षा जास्त खुणा घालू नका, तिसरी आली की तिन्ही पुसट होतात.

खजुरीची झावळी ही सगळ्या रक्तसाक्ष्यांची सामाईक खूण. छोट्या कामात तिचं हमखास मोरपीस होतं. मधला कणा किंचित वाकडा ठेवा, पात्या टोकाकडे झुकलेल्या आणि टोकाला मोकळ्या. टोकाशी झावळी गोल केली की मोरपीस झालंच समजा. झावळी एकटी कोणाचीच ओळख देत नाही. ती सांगते की हा माणूस श्रद्धेसाठी मारला गेला. कोण, ते दुसरी वस्तू सांगते.

मारिया_सातारा

तबकावरून आठवलं. तबक घेतलेल्या स्त्री-संतांमध्ये गल्लत फार होते. लूसीच्या तबकात डोळे, पण तिचे स्वतःचे डोळेही शाबूत काढायचे. अगाथाच्या तबकात कापलेले स्तन असतात. न समजल्यामुळे लोक ते पाव म्हणून कोरतात. अपोलोनियाकडे तबक नसतं, चिमट्यात धरलेला दात असतो.

कॅथरिनचं चाक म्हणजे छळाचं यंत्र. धावेवर अणकुचीदार पाती हवीत आणि चाक तुटलेलं हवं, कारण कथेप्रमाणे ते तिला मारण्याआधीच फुटलं. तिचा वध तलवारीने झाला, म्हणून चाकाबरोबर तलवार; ती राजकन्या, म्हणून मुकुट. अखंड, बिनपात्यांचं चाक काढलं की कृष्णाकाठ म्हणतात तशी बैलगाडी होते.

बार्बराचा बुरूज. त्याला तीन खिडक्या, त्र्यैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या. बापाने तिला कोंडलं तेव्हा तिने तिसरी खिडकी पाडून घेतली, असं तिचं चरित्र सांगतं. बुरूज गोल असला तर तिसरी खिडकी मागे लपवू नका, तिन्ही दर्शनी बाजूला आणा. हातात प्याला आणि वर ख्रिस्तप्रसादाची गोल भाकर, कारण अवचित मरणापासून राखणारी म्हणून तिची प्रार्थना करतात. खाणकामगार आणि तोफखान्याची ती आश्रयदाती.

रोख आणि थोरला याकोब दोघंही वाटसरू, दोघांकडे काठी, टोपी, शिंपला. रोखच्या मांडीवर प्लेगची गाठ असते आणि तो झगा बाजूला करून ती दाखवतो. शेजारी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा. संकोचामुळे कारागीर मांडी झाकतात. मग तो याकोब होतो. गाठ दिसलीच पाहिजे. सेबास्तियनचे बाणही प्लेगशी जोडलेले, या दोघांची चित्रं साथीच्या काळात जोडीने छापली जात.

मिरज_तंतू

नमुना म्हणून अभ्यासायला एकच चित्र निवडायचं तर आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं अभ्यासिकेतलं संत जेरोम घ्या. १५१४, ताम्रखोदकाम, साधारण २४.७ × १८.८ सेंटिमीटर. एवढ्या जागेत किती खुणा किती शांतपणे ठेवल्या आहेत!

पुढे सिंह आणि झोपलेला कुत्रा. सिंहाच्या पंजातला काटा जेरोमने काढला अशी कथा. भिंतीवर कार्डिनलची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याची, रुंद टोपी. इतिहासात जेरोम कार्डिनल नव्हता. तो ४२० मध्ये वारला आणि कार्डिनलांना लाल टोपी मिळाली १२४५ मध्ये. तरीही परंपरेत टोपी त्याचीच, म्हणून ती इतिहासाच्या नावाखाली काढून टाकू नका. टेबलावर क्रूस, खिडकीच्या कट्ट्यावर कवटी, भिंतीला वाळूचं घड्याळ : मरण लक्षात ठेव. छताला मोठा भोपळा टांगलेला आहे. मिरजेत भोपळा दिसला की हात तंबोऱ्याकडे जातो, पण इथला भोपळा बहुधा योना संदेष्ट्याच्या गोष्टीतल्या त्या वेलीचा, जी एका रात्रीत उगवली आणि एका रात्रीत गेली.

खोदकाम करणाऱ्याने खास बघावं ते जेरोमचं वलय. कडी नाही, रेष नाही. डोक्याभोवती किरणांपुरता तांब्याला हात कमी लावला आहे, कोरा कागदच उजेड झाला आहे. वलय जोरदार हवं असेल तर त्याच्या आत जास्त कोरू नका, त्याच्या बाहेरचं गडद करा.

ग्रॅनाइट_कराड

मिरज_तंतू यांचा शेवटचा मुद्दा दगडावर बरोबर उलटा लागतो, म्हणून लिहितो.

काळ्या ग्रॅनाइटवर लेसर किंवा हिऱ्याचं टोक जिथे लागतं तिथे दगड पांढुरका होतो. म्हणजे आपण कोरतो ते उजेड, न कोरलेला भाग अंधार. छापील खोदकामात काळ्या रेषा सावली असतात. तो नमुना जसाच्या तसा यंत्रात घातला की सावली पांढरी, गाल काळा, वलय काळी कडी. संत नव्हे, फोटोची निगेटिव्ह दिसते. कबरीवर असं चित्र पिढ्यान्‌पिढ्या राहतं.

संगणकावर रंग नुसते उलटवून भागत नाही. मग कागदाची सगळी पांढरी पार्श्वभूमी जाळावी लागते आणि आकृती राखाडी चौकोनात बसते. बरोबर उपाय म्हणजे चित्र पांढऱ्या रेषेत नव्याने काढणं : जिथे उजेड पडतो तिथेच रेषा, सावली तशीच सोडायची. थॉमस ब्यूइक या इंग्रज खोदकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या आडव्या कापावर ही पांढऱ्या रेषेची पद्धत नावारूपाला आणली. काळ्या दगडाला तीच लागू पडते. वलय किरणांनी काढा, वर्तुळाने नको. किरण दगडावर छान उजळतात.

सुरीसारख्या बारीक वस्तूची कड एकाच रेषेत ठेवू नका. पाऊस-उन्हात एकेरी रेष आधी मिटते, दुहेरी टिकते.

अजिंक्यतारा

ग्रॅनाइटचं माहीतच नव्हतं, हे जपून ठेवतो. आणखी एक : मिरजेकडच्या चर्चसाठी स्मृतिफलक असेल तर कोणता संत सुचवावा?

मारिया_सातारा

दादा, आधी चर्च कोणतं ते विचारा. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केलं ते प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्या परंपरेतली चर्चेस प्रॉटेस्टंट आहेत. तिथे संतांच्या प्रतिमा पुजत नाहीत आणि फलकावर संत चालणार नाही, वलय तर नाहीच. तिथे रिकामा क्रूस, उघडं बायबल, कबूतर, नांगर असं कोरा. क्रूसावर येशूची आकृती नको. जहाजाचा नांगर आशेची खूण, त्याच्या वरच्या दांड्याला आडवी पट्टी असते म्हणजे त्यातच क्रूस दिसतो. शेतातला नांगर कोरून ठेवू नका.

कॅथलिक चर्चसाठी, म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पुणे धर्मप्रांताखालच्या चर्चसाठी, संत चालतो. त्या चर्चचा आश्रयदाता कोण ते फादरांना विचारून तोच घ्या.

महाराष्ट्रातला संत हवा असेल तर वसईचे गोन्सालो गार्सिया. फ्रान्सिस्कन बंधू, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर भाल्यांनी मारले गेले, १८६२ मध्ये संत घोषित. खुणा : फ्रान्सिस्कन झगा, क्रूस, दोन बाजूंनी आडवे आलेले दोन भाले, झावळी. जाक कालो या फ्रेंच खोदकाराने १६२७ च्या सुमारास जपानच्या फ्रान्सिस्कन रक्तसाक्ष्यांचं चित्र कोरलं आहे, ते बघून घ्या. दोन चुका टाळा. जपानी क्रूसावर खिळे नव्हते, लोखंडी कड्या आणि दोर होते. पायांखालीही आडवी पट्टी होती. आणि वर आय-एन-आर-आय ('नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा' याची लॅटिन आद्याक्षरं) ही पाटी लावू नका. ती फक्त येशूच्या क्रूसावर. आंद्रियाच्या आणि पेत्राच्या क्रूसावरही ती चुकून कोरलेली सापडते.

मिरज_तंतू

उलट्या नमुन्याबद्दल तांबट म्हणतात की फिरवून घ्या. नव्या पदकाला ते बरोबर आहे. पण कोणी जुन्या छापील चित्राचीच प्रतिकृती मागितली तर मी फिरवणार नाही. त्या चित्राचा उलटेपणा हाच त्याचा इतिहास आहे, तो कुठून कुठे गेला ते त्यावरून कळतं. जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीत अकबराला अँटवर्पला छापलेलं अनेक खंडांचं बायबल दिलं, त्यातली आणि पुढे आलेली खोदकामं मुघल चित्रकारांनी बघून काढली. अबुल हसनने १६०० मध्ये, तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणातला एकटा योहान उचलून रेखाटला. आजूबाजूचा क्रूस गेला, मरिया गेली, गरुड तर नव्हताच. राहिले एकमेकांत गुंतलेले हात आणि वर वळलेला बिनदाढीचा चेहरा. तेवढ्यावर तो आजही योहान म्हणून ओळखला जातो. असल्या प्रवासात दुरुस्ती घुसवली तर पुरावा पुसतो.

तांबट

मान्य, तंतूराव. प्रतिकृतीला हात लावू नये, पण मागे तसं कोरून ठेवावं. मी म्हणतो ते गळ्यात घालायच्या आणि वेदीजवळ लावायच्या कामाचं. तिथे डाव्या हाताचा आशीर्वाद नको.

दोन पदकं नेहमी येतात, त्यांच्या ठरलेल्या जागा लिहून ठेवतो. चमत्कारी पदक १८३२ मध्ये पॅरिसला प्रथम घडलं. पुढे मरिया पृथ्वीगोलावर उभी, पायाखाली साप, दोन्ही हातांतून किरण. मागे एम अक्षर, त्यावर क्रूस, भोवती १२ तारे, खाली दोन हृदयं. बघणाऱ्याच्या डावीकडचं येशूचं, काट्यांच्या मुकुटाने वेढलेलं. उजवीकडचं मरियेचं, तलवारीने भेदलेलं. हृदयं अदलाबदल झालेली पदकं बाजारात मिळतात. ज्वाळा दोन्हींना चालते, काटे आणि तलवार मात्र ज्याची त्यालाच.

संत बेनेडिक्टच्या पदकात उजव्या हातात क्रूस, डाव्या हातात त्यांच्या नियमांचं पुस्तक, एका बाजूला विषाचा प्याला आणि साप, दुसऱ्या बाजूला भाकरी नेणारा डोमकावळा. सध्याचा नमुना १८८० चा. मागच्या क्रूसावर लॅटिन प्रार्थनेची आद्याक्षरं : उभ्या पट्टीत सी-एस-एस-एम-एल, आडव्या पट्टीत एन-डी-एस-एम-डी. मधला एस दोघांचा एकच. हा एस बरोबर मध्यावर आला नाही तर सगळी अक्षरं सरकतात, म्हणून आधी एस कोरा आणि मग चारही दिशांनी बाहेर जा. प्याला-साप योहानालाही असतो, पण तो बिनदाढीचा तरुण. इथे दाढीवाला मठाधिपती आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

खूप भर पडली. दोन गोष्टी जोडतो.

एकरंगी खोदकामात रंग कसा दाखवायचा? पेत्राच्या दोन किल्ल्यांतली एक सोन्याची, एक चांदीची. सिल्वेस्तर पेत्रा सांक्ता या जेझुइटाने १६३८ मध्ये ढालींच्या चित्रांसाठी वापरलेली रेषांची रीत इथे कामाला येते : सोनं म्हणजे ठिपके, चांदी कोरी, लाल म्हणजे उभ्या रेषा, निळा आडव्या, काळा उभ्या-आडव्या जाळीचा. म्हणजे एका किल्लीवर ठिपके द्या आणि दुसरी कोरी ठेवा. बिशपांच्या चिन्हाचा फलक आला तर ही रीत पाळावीच लागते. तिथे शोभेसाठी म्हणून आडव्या रेषा मारल्या तर पार्श्वभूमी निळी ठरते.

दुसरी गोष्ट कामाच्या कागदाची. १५९३ मध्ये अँटवर्पला जेरोम नादाल यांच्या शुभवर्तमानचित्रांचा १५३ पत्र्यांचा संच निघाला, बरेच पत्रे वीरिक्स बंधूंनी कोरलेले. त्यात चित्रातल्या प्रत्येक जागेला ए, बी, सी अशी अक्षरं आणि खाली त्यांचा खुलासा आहे. कारागिराला रेखाटन देताना हेच करा. समजा पादुआचा अंतोनी आहे. क : बाळाचा उजवा हात, दोन बोटं वर. ख : दोरीला तीन गाठी. ग : बाळाच्या वलयात क्रूस, संताच्या वलयात नाही. घ : लिली, सहा पाकळ्या. खाली ठळक लिहा, थेट बघायचं की छापायचं की ठोकायचं. गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांची सही घ्या.

अजिंक्यतारा

शेवटचं एक. ठसा उलटा कोरलाय, पण सरळ कसा दिसेल हे ठोकण्याआधी कसं बघायचं?

तांबट

ठशाला हलकं तेल पुसून मऊ मेण किंवा मुलांची खेळायची माती दाबा आणि उचला. उठावाचं सरळ चित्र मिळेल. बाजूने उजेड टाकून बघा : हात, वलय, अक्षरं, गाठी. छापायच्या पत्र्याला काजळी आणि तेल चोळून पुसा, ओलसर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा, अंदाज येतो. चूक असेल तर तांबं मागून ठोकून, पुढून घासून ती जागा पुन्हा सपाट करता येते. कडक केलेल्या पोलादी ठशात ते जमत नाही, म्हणून ठसा कडक करण्याआधीच ही छाप घ्या आणि फादरांना दाखवा.

मारिया_सातारा

आणि दाखवताना मातीची छापच दाखवा, तांबट दादा, ठशाचा फोटो नको. फोटोत खोलगट भाग उठावासारखा भासतो आणि उजवं-डावं कोणालाच कळत नाही.